कळा वाढवायचं सलाईन: थोडी भर

ऐरोलीच्या ताईंनी विचारलंय, बाळंतपणात डॉक्टर कळा वाढवायचं सलाईन लावू म्हणाले तर हो म्हणायचं का. त्यावर बऱ्याच जणींनी 'अजिबात नको' लिहिलंय, ते मला नाही पटलं. त्यात ऑक्सिटोसिन असतं, शरीर स्वतः तयार करतं तेच, फक्त कारखान्यात बनवलेलं. (तबेल्यात म्हशींना चोरून टोचतात तेही हेच, म्हणून नाव ऐकून कोणी दचकत असेल.) सुरू झालेल्या कळा मंदावल्या तर ते खरंच कामाला येतं. असर लवकर ओसरतो, म्हणून थेंब मोजून देतात आणि कळा फार जवळजवळ आल्या की बंद करतात. मात्र बाळाच्या ठोक्यांवर लक्ष हवंच. आधी सिझर झालं असेल तर आवर्जून सांगा, गर्भाशयावरचा जुना टाका उसवायची भीती असते.

नुसत्या घाईसाठी नको. पिशवीचं (गर्भाशयाचं) तोंड 'तासाला 1 सेंटिमीटर' उघडायलाच हवं, हा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये बाजूला ठेवला. पहिलटकरणीला 5 सेंटिमीटरनंतरही 12 तास लागू शकतात. पिशवीचं तोंड लवकर उघडावं म्हणून ड्रोटाव्हेरीनसारखी इंजेक्शनं देतात, उशीर टाळण्यासाठी त्यांची शिफारस संघटना करत नाही.

बाळ झाल्यावर मांडीत देतात ते ऑक्सिटोसिन वेगळ्या कारणासाठी, जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून. ते टाळू नका.

आणि ऐनवेळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दुसरं हॉस्पिटल शोधण्यापेक्षा आठव्या महिन्यातच विचारा: रात्री लेबर रूमला डॉक्टर असतात का, सिझरची सोय तिथेच आहे का.