स्प्रिंगफील्डला कोण कोण जाऊन आलंय? तुमचे अनुभव लिहा

इलिनॉयची राजधानी कुठली असं विचारलं की आपल्यातले बरेच जण पटकन शिकागो म्हणतात. राजधानी आहे स्प्रिंगफील्ड. वस्ती सव्वा लाखाच्या आत. आम्ही ब्लूमिंग्टनला राहतो, तिथून गाडीने तासाभराचा रस्ता, दोन्हीकडे नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. भारतातून पाहुणे आले की नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं, हे गाव मात्र राहून जातं. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून हा धागा. काय काय पाहिलंत त्याची यादी नको. कुठे पाय थबकला ते लिहा.

सुरुवात मी करते. माझा पाय थबकला जुन्या विधानभवनात. आधी राजधानी व्हँडेलियाला होती. १८३७ साली ती इथे आणण्यासाठी नऊ उंचापुऱ्या आमदारांनी जोर लावला, त्यातला एक अठ्ठावीस वर्षांचा लिंकन. पुढे याच इमारतीच्या सभागृहात १६ जून १८५८ च्या संध्याकाळी त्याने ते भाषण केलं: दुही माजलेलं घर टिकत नाही, अर्धं गुलाम आणि अर्धं स्वतंत्र असं या देशाचं राज्य कायमचं तग धरू शकणार नाही. आणि सात वर्षांनी, मे १८६५ मध्ये, त्याच सभागृहात त्याचं पार्थिव लोकांच्या दर्शनासाठी ठेवलं होतं. रांग दिवसरात्र चालू होती. दालन काही फार मोठं नाही, आपल्याकडच्या तालुक्याच्या नाट्यगृहाएवढंही नसेल. एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाशी साध्या आवाजात बोलता येतं. ते भाषण आणि तो निरोप एवढ्याशा जागेत झाला, हे तिथे उभं राहिल्याशिवाय मला उमगलं नव्हतं.

एक सांगायलाच हवं. १९६० च्या दशकात ही इमारत उतरवली, दगडांवर आकडे घातले, जमिनीखाली वाहनतळ केला आणि तेच दगड पुन्हा रचले. त्यामुळे बाहेरचा दगड जुना आणि आतलं बरंचसं काम नवं आहे. माझ्या नवऱ्याचा हे कळल्यावर विरस झाला. माझा नाही झाला. एवढी उस्तवार करावीशी वाटली, हीच मला मोठी गोष्ट वाटते. ओबामांनीही १० फेब्रुवारी २००७ ला, कडाक्याच्या थंडीत, उमेदवारी जाहीर करायला याच इमारतीसमोरची जागा निवडली.

* * *

मी निवृत्त शिक्षिका, सांगलीची. मुलीकडे नेपरव्हिलला तीन महिने राहिले, तेव्हा जावई घेऊन गेले. माझ्यासाठी लिंकन म्हणजे ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. आमच्या शाळेत ते वसंत बापटांच्या मराठीत चौकटीत लावलेलं होतं. तीस वर्षं रोज त्याच्याखालून वर्गात गेले. तेव्हा लिंकनच्या घरी पोचल्यावर पहिला प्रश्न मी तोच विचारला, की मुलाची ती शाळा कुठे होती? मुलीने इंग्रजीत करून सांगितलं. तिथल्या रेंजर बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, लिंकनची पत्रं आणि भाषणं जमवून छापलेली आहेत, त्यांत असं पत्र नाही.

मी खूप हिरमुसले. मुलगी म्हणाली, जाऊ दे गं आई. पण असं कसं जाऊ दे?

घर साधं आहे, दुमजली, १८४४ मध्ये पंधराशे डॉलरला घेतलेलं. वॉशिंग्टनला जाईपर्यंत सतरा वर्षं ते तिथे राहिले. आत सगळीकडे दोऱ्या लावल्यात, कशाला हात लावायचा नाही. जिन्यापाशी मात्र त्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, हा कठडा मूळचा आहे, याला धरूनच वर चढा, ते रोज इथेच हात ठेवायचे. गुळगुळीत लाकूड, उन्हाळा असून गार. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे मी तो घट्ट धरूनच चढले. वर निजायच्या खोलीत त्यांचं लिहायचं मेज आहे, इतकं लहान की एवढ्या उंच माणसाचे पाय त्याखाली मावले कसे असतील असं वाटावं. याच घरात त्यांचा एडी हा मुलगा १८५० साली गेला, चार वर्षांचाही नव्हता. धाकट्या दोघांना ते रविवारी कचेरीत घेऊन जायचे. पोरं शाई सांडायची, कागद उधळायची आणि बाप एक शब्द बोलायचा नाही. वकिलीतले भागीदार हर्नडन यांनी त्याबद्दल चांगलीच कुरकुर करून ठेवली आहे.

पत्रातल्या बापापेक्षा हा बाप मला जास्त जवळचा वाटला. परत आल्यावर आमच्या सध्याच्या मुख्याध्यापकांना भेटले. पत्र काढू नका म्हटलं, त्यातलं मागणं चांगलंच आहे. पण खाली एक ओळ घाला, की हे लिंकन यांनी लिहिल्याचा पुरावा नाही. त्यांनी घातली.

* * *

आम्ही दोन लहान मुलांना घेऊन गेलो होतो, तेव्हा थोडं कामाचं. घर बघायला पैसे लागत नाहीत. थोरला मुलगा रॉबर्ट याने १८८७ मध्ये ते राज्याला दिलं, तेव्हाच फुकट दाखवायची अट घातली होती. तिकीट मात्र त्याच दिवशी स्वागतकेंद्रातून घ्यावं लागतं, म्हणून सकाळी लवकर जा. गाडी लावायचे पैसे पडतात. ओक रिज दफनभूमीत समाधीबाहेर लिंकनचं ब्राँझचं मोठं डोकं आहे. सगळं काळपट आणि नाक तेवढं पिवळंधमक, येणारा प्रत्येक जण चोळतो म्हणून. धाकटीला खांद्यावर उचललं तेव्हा कुठे तिचा हात पोचला. आत एकदम शांत. १८७६ मध्ये चोरांनी शव पळवायचा प्रयत्न केला होता, म्हणून १९०१ मध्ये शवपेटी दहा फूट खाली काँक्रीटमध्ये पुरली. थोरल्याने रात्री झोपताना तीनदा विचारलं, आता नाही ना कोणी नेणार?

* * *

मी मूळचा परभणीचा, सध्या शिकागोत पीएचडी करतोय. ऑगस्टमध्ये एकटाच रेल्वेने गेलो, साडेतीन तास लागतात. मी गेलो महात्मा फुल्यांमुळे. १८७३ साली ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना, गुलामांची मुक्तता केली म्हणून. पुण्यात बसून त्यांनी ज्या देशाकडे आशेने पाहिलं, तिथलं हे गाव मला बघायचं होतं.

लिंकनच्या घराभोवतीचे चार चौक जुन्या काळासारखे राखलेत. त्यात एक मोकळा तुकडा आहे, घर नाही, नुसतं गवत आणि एक माहितीफलक. तिथे जेमसन जेंकिन्स राहायचा. कृष्णवर्णीय, घोडागाडीवर माल वाहणारा आणि पळून आलेल्या गुलामांना पुढे पोचवणारा. लिंकनला शेवटच्या सकाळी स्टेशनवर त्यानेच सोडलं असं सांगतात. त्या गवतापाशी मी बराच वेळ उभा होतो. लोक मोठ्या घराचे फोटो काढून पुढे जात होते.

याच गावात १४ ऑगस्ट १९०८ ला गोऱ्यांच्या जमावाने काळ्यांच्या वस्त्या जाळल्या. दोघांना हालहाल करून मारलं. त्यातले विल्यम डॉनेगन ऐंशीच्या घरातले, जोडे शिवणारे. बायको गोरी, एवढाच गुन्हा. ‘गुलामगिरी’नंतर पस्तीस वर्षांनी, लिंकनच्या गावात. त्या धक्क्यातून काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी उभी राहिली, १२ फेब्रुवारी १९०९ ला, लिंकनच्या जन्मशताब्दीच्या दिवशी. रेल्वेचं काम चालू असताना २०१४ मध्ये जळक्या घरांचे पाये सापडले आणि २०२४ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. मी गेलो तेव्हा बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण जाल तेव्हा तिथेही जा. नुसतं लिंकनचं घर बघून परतलात तर गाव अर्धंच पाहिलंत.

* * *

वरचं वाचून लिहायला बसले. आम्ही स्प्रिंगफील्डलाच नऊ वर्षं राहिलो. माझी दोन्ही मुलं इथली. गेल्या वर्षी नवऱ्याची नोकरी टेक्सासला गेली आणि सामान बांधायची वेळ आली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी एकटीच त्या जुन्या रेल्वे स्टेशनापाशी गेले. विटांची छोटी इमारत, शेजारून रूळ जातात. ११ फेब्रुवारी १८६१ ला, पावसाच्या झिमझिमीत, लिंकन इथून गेला. दुसऱ्या दिवशी बावन्न पूर्ण होणार होती. डब्याच्या मागच्या कठड्यापाशी उभा राहून तो बोलला ते थोडंसंच: माझं जे काही आहे ते या गावामुळे आणि इथल्या माणसांच्या मायेमुळे, इथेच मी तरुणाचा म्हातारा झालो, इथेच माझी मुलं जन्मली आणि एक इथेच पुरलं. आणि हेही, की परत कधी येईन, येईन की नाही, ठाऊक नाही. मी ते तिथे उभी राहून फोनवर वाचलं आणि पुढचं मला वाचवेना.

कचेरीची पाटी काढू नकोस असं त्याने हर्नडनला सांगितलं होतं. जगलो वाचलो तर परत येईन आणि काहीच झालं नाही अशा रीतीने आपण काम पुढे चालवू. आणि ट्रंकांना त्याने स्वतः दोर बांधले, कार्डांवर स्वतःच्या हाताने पत्ता लिहिला: ए. लिंकन, व्हाइट हाउस, वॉशिंग्टन.

घरी आले तेव्हा नवरा खोक्यांवर लावायला लेबलं छापत होता. स्वयंपाकघराचं खोकं मी बाजूला ओढलं, सुतळी बांधली आणि मार्करने नवा पत्ता लिहिला. त्याखाली मराठीत लिहिलं, स्प्रिंगफील्डहून.