हृदय पुन्हा सुरू झालं, पण शुद्धीवर कोण येतं? बायका मागे का?

उंबरठा: नेदरलँड्सच्या उत्तर हॉलंड प्रांतातला २०१९ चा अभ्यास वाचला. हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्या आणि उपचार मिळालेल्या पुरुषांपैकी २०.१ टक्के वाचून घरी गेले, बायकांपैकी १२.५. माझं मत सरळ आहे, दोष शरीराचा नाही, आजूबाजूच्यांच्या हातांचा आहे. अमेरिकेतल्या नोंदी बघा. चारचौघांत कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना कुणीतरी सीपीआर दिला (म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवलं), बायकांपैकी ३९ टक्क्यांना. तिकडे मेंदू मिनिटामिनिटाला मरतोय आणि इकडे लोक विचार करतायत, हात कुठे ठेवू.

गणिती: सोयीचे आकडे उचललेत. त्याच डच अभ्यासात पहिल्या ईसीजीत शॉक देण्याजोगी लय, म्हणजे विजेच्या झटक्याने ताळ्यावर येऊ शकेल अशी, पुरुषांत ५२.७ टक्के, बायकांत ३३.७. जगण्यातला फरक मुख्यतः तिथूनच येतो. सरळ रेषा असेल तर शॉक कशाला देणार? शिवाय बायका बहुतेकदा घरात आणि उतारवयात कोसळतात. प्रत्येक ठिकाणी पुरुषी मानसिकता शोधायलाच हवी का?

उंबरठा: पण ती लय टिकते कशामुळे? छाती दाबत राहिलं तर फिब्रिलेशन, म्हणजे शॉकने थांबवता येणारी हृदयाची थरथर, जास्त वेळ तग धरतं, नाहीतर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत विझून सरळ रेषा होते. म्हणजे तुमचं कारण थोडंफार माझ्याच कारणातून आलंय.

गणिती: थोडंफार, मान्य. १९ टक्क्यांचा खड्डा त्याने भरत नाही. बायकांमध्ये हृदयाबाहेरची कारणं जास्त असतात, फुफ्फुसात गुठळी वगैरे. तिथे मुळात शॉकची लय नसतेच बऱ्याचदा.

नाईटड्युटी: शीर्षकात शुद्धीवर येण्याचा प्रश्न आहे आणि तुम्ही दोघं जगणं मोजताय! आयसीयूत चौदा वर्षं काढलीत म्हणून सांगते. हृदय सुरू झाल्यावर निदान ७२ तास मेंदूबद्दल निकाल द्यायचा नाही, असं युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. झोपेचं औषध अंगात असताना डोळ्याच्या बाहुलीवर टॉर्च मारून, नखावर पेन दाबून काय कळणार? पण नातेवाईक दुसऱ्या दिवशीच विचारतात. कर्ता पुरुष असेल तर ‘काहीही करा’. आजी असेल तर ‘आता हाल नकोत’. एकदा श्वासाची नळी काढली की ती उठली असती का, हे कुणालाच कळत नाही, आणि आकड्यात मात्र ती ‘शुद्धीवर आली नाही’ म्हणून बसते.

गणिती: ऐंशीच्या आजोबांनाही हेच म्हणतात. यात वयाचा भाग आहे.

नाईटड्युटी: आजोबांच्या वेळी आजी बाहेर बाकड्यावर बसलेली असते, ‘थांबा’ म्हणायला. आजीच्या वेळी बऱ्याचदा आजोबा आधीच गेलेले असतात.

उंबरठा: अजून एक. २०२१ ची टीटीएम-२ चाचणी, हृदय सुरू झालेल्या पण बेशुद्ध रुग्णांचं अंग थंड ठेवून फायदा होतो का हे बघणारी, १८६१ रुग्ण, पाचांत साधारण चार पुरुष. त्यावरून बायकांच्या मेंदूबद्दल काय बोलणार?

कडूकारले: टक्केवारी चालू द्या. आमच्या सोसायटीत सीपीआर शिकवायला आले होते. पुतळा उघडाबंब, सपाट छातीचा. मी विचारलं, साडीची पिन, ब्लाउजचे हूक, वर मंगळसूत्र, यांचं काय? एईडीचे (शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड तर उघड्या कातडीवरच लावायचे, एक उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली. शिकवणारा पोरगा लाजला, मग म्हणाला, ‘काकू, डब्यात कात्री असते.’ म्हटलं, पुतळ्याला माझी ओढणी गुंडाळून एकदा करून दाखव. सगळे हसले. सेक्रेटरी म्हणाले, ‘बायकांचं बायका बघतील.’ दुपारी तीनला आमच्या विंगमध्ये मी आणि वॉचमन एवढेच असतो.