दंड झाला २२३ कोटी, हॉटेलवाल्यांना त्यातलं काय?

कळंगुटकर:
१२ खोल्यांचं गेस्टहाउस आहे. एका बुकिंग ॲपच्या करारात अट आहे: त्यांच्यापेक्षा कमी दर दुसऱ्या ॲपवर लावायचा नाही, स्वतःच्या वेबसाइटवरही नाही. अशाच अटीवरून २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिपला दंड केला होता. आमचं ॲप वेगळं आहे. तरी ही अट आता रद्द समजायची का? आणि दंडाचा काही वाटा हॉटेलांकडे येतो का?

सत्तरीकर:
वाटा नाही. स्पर्धा कायद्याच्या कलम ४७ नुसार दंड सगळा भारताच्या एकत्रित निधीत जातो. १९ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी होते. आपल्या कामाचे आहेत ते त्याखालचे निर्देश. दर आणि खोल्या यांबाबत 'इतर ॲपांच्या' बरोबरीची अट काढा, असं त्यात आहे. तुमच्या वेबसाइटचा दर त्यात येत नाही. शिवाय निर्देश मेकमायट्रिप-गोआयबिबोलाच लागू. तुमच्या ॲपचा करार जसाच्या तसा उभा आहे.

कळंगुटकर:
म्हणजे नवी तक्रार. पणजीत होते?

लेखापाल_म्हापसा:
नाही, दिल्लीत स्पर्धा आयोगाकडे. कलम १९ खाली 'माहिती' द्यायची, व्यक्तीला फी ५,००० रुपये, फर्म-कंपनीला उलाढालीप्रमाणे जास्त. घटनेपासून ३ वर्षांच्या आत. करार, दर बदलायला लावणारे मेल, लिस्टिंग खाली गेल्याचे तारखेसह स्क्रीनशॉट जोडा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.
बहुतेकजण अडकतात ते इथे: 'माझं कमिशन जास्त कापलं' एवढंच लिहिलं की तो दोघांमधला खासगी वाद ठरतो आणि कलम २६(२) खाली फाइल बंद. ॲपचं बाजारात वर्चस्व आहे आणि अटीमुळे स्पर्धाच मारली जाते, हे दाखवावं लागतं. एकट्याने ते कठीण. २०२२ च्या प्रकरणातही तक्रार हॉटेलांच्या महासंघाची होती. तुमच्या पट्ट्यातले दहा-पंधरा करार एकत्र करून संघटनेतर्फे जा.

सत्तरीकर:
नुकसानभरपाई हवी तर तो वेगळा अर्ज, कलम ५३एन, एनसीएलएटीपुढे (राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरण, आयोगाविरुद्धचं अपीलही तिथेच), आणि आधी उल्लंघन सिद्ध झालेलं हवं. घाई करू नका, अपिलात आकडे आणि निर्देश दोन्ही बदलतात. गूगल प्ले स्टोअरचा ९३६.४४ कोटींचा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. अँड्रॉइडचा १,३३७.७६ कोटींचा दंड टिकला, पण चार निर्देश उडाले, आणि माझ्या मते कंपनीसाठी तेच मोलाचं होतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अपिलाला दंडाच्या २५ टक्के आधी भरावे लागतात, हे एक बरं झालं.

लेखापाल_म्हापसा:
तोवर सीझनचं काय, तर करारातली व्याख्या वाचा. बऱ्याच करारांत बंधन 'जाहीर दिसणाऱ्या' दरावर असतं. तसं असेल तर फोनवर किंवा जुन्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर दिलेला दर त्यात बसत नाही. मात्र तो वेबसाइटवर कुठेही छापू नका.