नुसत्या खोलीचे किती?

माने आण्णा (ए-१०१): सुप्रभात 🙏 काल निकम साहेबांनी सहलीच्या वर्गणीची चिठ्ठी दाराला अडकवली. खोपोलीचा इमॅजिका पार्क, दोन दिवस एक रात्र, माणशी ६,५००. माझे दोन्ही गुडघे मार्चमध्ये बदललेत हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक हाय. मी आणि हिनं त्या पार्कात जाऊन करायचं काय? पार्काचं तिकीट सोडून नुसत्या खोलीचे किती? एवढंच सांगा.

कुलकर्णी (सेक्रेटरी): आण्णा, नमस्कार. सहल सर्वांची आहे, सर्वांनी एकत्र आनंद घ्यावा हाच हेतू. सविस्तर रविवारच्या मीटिंगमध्ये बोलू.

माने आण्णा: मागच्या मीटिंगला मी, तुम्ही आणि वॉचमन होतो.

सागर (सी-४०४): वॉचमन पण चहा पिऊन सटकला 😂

माने आण्णा: सागर, मोठी माणसं बोलालीत. नुसत्या खोलीचे किती?

निकम (खजिनदार): आण्णा, पॅकेज आहे ते. त्यात बस, राहणं, नाश्ता, एक जेवण, पार्कचं तिकीट सगळं एकत्र. त्यातनं एक एक सुटं काढता येत नाही. थाळीतली भाकरी नको म्हणून कोण पैसे कमी करतं का?

माने आण्णा: आमच्याकडं करतात. ओळखीचा हॉटेलवाला पाहिजे फक्त.

पूजा वहिनी (बी-२०३): मला एक कळत नाही, राग मानू नका. इमॅजिकाला जायचं आणि इमॅजिकात जायचं नाही? तीनशेच्या वर किलोमीटर. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, एवढे टोल ओलांडायचे आणि खोलीत टीव्ही लावून बसायचं? मग घरीच बसलेलं काय वाईट?

सागर: म्हणजे अंबाबाईला जायचं आणि महाद्वार रोडवर चप्पल घेऊन परत यायचं 🙏😂

माने आण्णा: आणि पन्हाळ्याला पावसात जातासा तेव्हा काय अंधारबाव विहीर मोजायला जातासा? धुक्यात उभं राहून झुणका-भाकरी खातासा, कणीस खातासा, फोटो काढतासा आणि घरी येतासा. तीन दरवाजा कुठल्या बाजूला हाय हे तरी सांग बघू सागर.

सागर: विषय हार्ड केला आण्णांनी.

कुलकर्णी (सेक्रेटरी): कृपया विषयाला धरून बोलावे 🙏

पवार (बी-४०१): बी विंगची मोटर कुणी चालू ठेवलीय? टाकी वाहालीय.

देशपांडे काकू (ए-३०२): आण्णांचं बरोबर आहे. मी बोलणार नव्हते, कारण मी बोलले की अमेरिका काढली म्हणतात. पण आम्ही हेच केलंय.

निकम (खजिनदार): आली फ्लोरिडा 🙏

देशपांडे काकू: हो, आली. निकम साहेब, मागच्या वर्षीच्या गणपतीपुळ्याचा हिशोब अजून आला नाही, तो आधी येऊ दे. मग माझ्या फ्लोरिडावर हसा.

निकम (खजिनदार): हिशोब तयार आहे. १,८५० रुपये शिल्लक आहेत. मागेल त्याला दाखवतो.

माने आण्णा: आम्ही मागतोय. आणि नुसत्या खोलीचे किती?

पूजा वहिनी: काकू, खरंच आत गेला नाहीत? एवढ्या लांब जाऊन?

देशपांडे काकू: अगं, मुलगा टॅम्पाला. त्याचंही तेच म्हणणं होतं, आई, डिस्ने वर्ल्ड दीड तासावर आहे, बघायलाच पाहिजे. तिथं चार पार्कं. एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर. ह्यांना बीपी, मला ऊन सोसत नाही, रांगा बघूनच पाय दुखतात. मी म्हटलं, हॉटेल घे, पार्क नको. सुनेनं तोंड केलं तेवढं. पण तीन दिवस राहिलो आणि एकदाही तिकीट काढलं नाही. आणि काय कमी पडलं सांगू का? काही नाही.
तिथली मोनोरेल फुकट. हॉटेलं, स्टेशन, पार्कचं दार अशी गोल फिरते. एका हॉटेलाच्या तर पोटातून जाते, म्हणजे खाली लोक नाश्ता करतायत आणि वरून गाडी. ह्यांनी चार फेऱ्या मारल्या. ड्रायव्हर दिसत नाही म्हणून पुढच्या डब्याकडं टक लावून बसले. होड्याही फुकट. आकाशातनं पाळणे जातात, २०१९ ला सुरू झालेत, तेही फुकट. नात आणि मी दोनदा बसलो, खाली तळं, वर ढग, मध्ये आम्ही दोघी.

सागर: फुकट फुकट फुकट. काका कोल्हापूरचे शोभतात 😂

देशपांडे काकू: सागर, मी तुझ्या आईला ओळखते.

शिंदे मास्तर (सी-१०२): माहितीसाठी. डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. एकूण जागा साधारण १०० चौरस किलोमीटर. तुलनेसाठी, कोल्हापूर महापालिकेचे क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर.

सागर: म्हणजे शहराची हद्दवाढ झाली की आपण बरोबरीत. उचगाव, शिरोली, पाचगाव धरा. एक पार्क तर होईलच.

चौगुले (सी-३०१): उचगावचं नाव काढू नका. आमचं गाव आहे, आमचं ठरवू आम्ही. शहराला आधी कचरा उचलता येऊ दे.

निकम (खजिनदार): गावाला पाणी पाहिजे, बस पाहिजे, घरफाळा नको.

चौगुले: निकम साहेब, तुम्ही हिशोबाचं बघा.

कुलकर्णी (सेक्रेटरी): हद्दवाढीचा विषय या ग्रुपवर नको, मागे दोन सदस्य बाहेर पडले होते 🙏🙏

पवार (बी-४०१): मोटर???

माने आण्णा: पार्काचं तिकीट सोडून नुसत्या खोलीचे किती? एवढंच सांगा. तिसऱ्यांदा विचारालोय.

सागर: चौथ्यांदा आण्णा.

पूजा वहिनी: काकू, पुढं सांगा ना. रात्री काय केलंत?

देशपांडे काकू: रात्रीचंच तर सांगायचंय. तिथं एक मोठं तळं आहे, काठावर हॉटेलांची वाळू, वाळूत खुर्च्या. कुणी उठवत नाही. अंधार पडला की पाण्यावरून दिव्यांची वरात येते. तराफ्यावर तराफा, त्यावर दिव्यांचा साप, कासव, देवमासा, आणि त्याला संगीत. १९७१ पासून चालू आहे म्हणे, म्हणजे आमच्या लग्नाआधीपासून. नंतर पलीकडं पार्कातलं फटाक्यांचं आकाश. आत गेलेली माणसं मान वर करून धक्के खात बघत होती, आम्ही पाय पसरून.
दुसऱ्या दिवशी शेकोटीला गेलो. जंगलासारखी राहायची जागा आहे, तिथं खारीचे मोठे मोठे मुखवटे घालून दोघं येतात, पोरांना गाणी म्हणायला लावतात. काडीला गोड पांढरं काहीतरी लावून भाजायचं. हुरड्याची आठवण आली. हुरडा बरा, चिकटत नाही.

शिंदे मास्तर: ती चिपमंक. खार वेगळी.

देशपांडे काकू: मास्तर, पोरांना खारच दिसली.
आणि शेवटची रात्र दुसऱ्या हॉटेलात. तिथं खोलीच्या गॅलरीसमोर माळ आहे आणि माळावर प्राणी. झेब्रे, हरणं, जिराफ. पहाटे सहाला ह्यांनी मला हलवून उठवलं. बेचाळीस वर्षांत कधी उठवलं नाही, चहा सुद्धा स्वतः करून पिऊन टाकतात. म्हटलं काही दुखतंय का? तर नुसतं बोट दाखवलं. जिराफ. अगदी समोर, झाडाची डहाळी ओरबाडत होता. जीभ काळीनिळी, हातभर. फांदी सोडली की पानांचा सर्रकन आवाज यायचा, आणि मग चावत आमच्याकडं बघत उभा. आमच्या हातात पुडीचा चहा. पाऊण तास आम्ही तिघंही काही बोललो नाही.

सागर: तिघं?

देशपांडे काकू: मी, हे आणि जिराफ.

पूजा वहिनी: 😂❤️

माने काकू (ए-१०१): किती छान सांगितलंत. आमच्याकडं हे कधी उठवतात, तर मोटर बंद कर म्हणून.

पवार (बी-४०१): मोटर तुम्हीच चालू केलीय का?

माने आण्णा: आमची मोटर न्हाई ती. बी विंगची बी विंगनं बघावी. कुलकर्णी साहेब, जिराफ ऐकून झालं. आता खोलीचं सांगा.

निकम (खजिनदार): आता खरं ते सांगतो. एजंटनं दर दिलाय तो ४० तिकिटांवर. ४० च्या खाली गेलो की प्रत्येकाचा दर वाढणार. तुम्ही दहाबारा जण गळाला तर बाकीच्यांना पोरांसकट जास्त पडणार. म्हणून मी गप्प होतो.

देशपांडे काकू: म्हणजे आमच्या गुडघ्यांवर तुमची सवलत उभी होती.

चौगुले: वा खजिनदार.

निकम (खजिनदार): काकू, तसं नाही. पोरांचा विचार केला मी.

कुलकर्णी (सेक्रेटरी): निकम साहेब हे मला काल सांगायला हवं होतं. असो. ज्येष्ठांचा मान राखून मार्ग काढू 🙏

माने आण्णा: मान नको, आकडा पाहिजे.

पूजा वहिनी: पण मग ज्येष्ठ तिथं दोन दिवस करणार काय, हे तरी कळू दे. तिथं जिराफ नाहीत.

देशपांडे काकू: हॉटेल पार्काला लागूनच आहे, पोहायचा तलाव आहे, समोर सह्याद्री. डिसेंबरात हवा चांगली असते. सकाळी निवांत नाश्ता, म्हणजे खरा निवांत, "आटपा, गेट उघडलं" असं कुणी म्हणणार नाही. दुपारी झोप. सगळे तुमच्या नायट्रो रोलरकोस्टरात उलटे होऊन हिरवे होऊन आले की आम्ही चहा पाजू.

शिंदे मास्तर: शिवाय तो रस्ता खोपोली-पालीचा आहे. पुढे पालीला बल्लाळेश्वर, अलीकडे महडला वरदविनायक. दोन अष्टविनायक एका दिवसात. पालीच्या देवळात पोर्तुगीज घंटा आहे, चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर आलेली. वसई १७३९. मी गाडीची सोय बघतो.

चौगुले: मास्तर, मला पण धरा. मला कुठं चक्रात बसायचंय.

निकम (खजिनदार): चौगुले तुम्ही पन्नाशीचे पण नाही!

चौगुले: वयाची अट चिठ्ठीत कुठं लिहिलीय?

माने आण्णा: पार्काचं तिकीट सोडून नुसत्या खोलीचे

माने आण्णा: किती

माने आण्णा: चुकून अर्धा गेला

सागर: अर्ध्या मेसेजला निम्मे पैसे 😂

पवार (बी-४०१): मोटर मीच बंद केली. जिन्यात पाणी आहे, सांभाळून उतरा. धन्यवाद नको.

निकम (खजिनदार): एजंटला फोन केला. बस, खोली, नाश्ता, एक जेवण धरून ४,३००. पार्कवाल्यांना मग ६,५०० चे ६,८००. बोला आता.

माने आण्णा: ४,३००?? खोली दोघांत का तिघांत? नाश्त्यात अंडी हायत का?

कुलकर्णी (सेक्रेटरी): आण्णा 🙏 आता दोन याद्या करू. खाली नाव वाढवून पुढे पाठवावे. आधीची नावे पुसू नयेत, मागच्या वेळी कोजागरीच्या दुधाला तोच घोळ झाला.

नुसती खोली
१. माने आण्णा
२. माने काकू

देशपांडे काकू: नुसती खोली
१. माने आण्णा
२. माने काकू
३. देशपांडे काकू
४. देशपांडे काका

शिंदे मास्तर: नुसती खोली
१. माने आण्णा
२. माने काकू
३. देशपांडे काकू
४. देशपांडे काका
५. शिंदे

चौगुले: नुसती खोली
१. चौगुले

सागर: झालं. चौगुले दादांनी सगळ्यांना गाळलं.

माने आण्णा: माझं नाव कुठं गेलं? मी पहिला होतो.

कुलकर्णी (सेक्रेटरी): कृपया मास्तरांची यादी धरावी. चौगुले ६.

माई (बी-२०३): ७ माई

पूजा वहिनी: आई, तुम्ही? तुम्ही तर म्हणाला होता पोरांबरोबर आत जाते, लहानाला बघते म्हणून.

माई (बी-२०३): ते चिठ्ठी यायच्या आधी. मला बल्लाळेश्वराला जायचंय. आणि त्या तलावाकाठी नुसतं बसायचंय. मुंज झाल्यापासून कुणाला बघत नाही असा एक दिवस गेला नाही.

सागर: कुणाची मुंज माई?

माई (बी-२०३): राहुलची.

राहुल (बी-२०३): आई हे ग्रुपवर आहे.

माई (बी-२०३): माहीत आहे मला. देशपांडे बाई, तुम्ही ते पाण्यावरच्या दिव्यांचं परत एकदा सांगा मला, तिथं गेल्यावर.

निकम (खजिनदार): ७ झाले. अजून कोणी असेल तर आत्ताच सांगा, दर परत बदलायला एजंट माझा मेहुणा नाही.

माने आण्णा: अंड्याचं विचारलं होतं.

पूजा वहिनी: ८. पूजा

राहुल (बी-२०३): ???

राहुल (बी-२०३): आणि पोरं?

पूजा वहिनी: तुम्ही आहात की.