पोथी ऐकवत नाही, आणि अण्णांना 'येऊ नका' म्हणवतही नाही

मीनाकाठ
थोरला मुलगा जाऊन आज 34 दिवस झाले. 21 वर्षांचा होता. टोमॅटोची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाची हिशेबाची चिठ्ठी, घ्यायला नारायणगावच्या बाजारात गेला होता. परतताना अंधारात उभी असलेली ट्रॉली त्याला दिसली नाही. 40 क्रेटची पट्टी शर्टाच्या खिशात तशीच होती.

दहाव्याला नदीवर प्रवचन होतं. धाकटा 15 वर्षांचा, क्रिया त्यानं केली. पिंड मांडलेले, कावळा शिवेना, आणि माईकवरून महाराज सांगत होते की ऋणानुबंध तेवढाच होता, देवाची ठेव होती, देवानं नेली. मी पुढेच बसलो होतो. उठून जावंसं वाटलं, पण पावण्यारावळ्यांसमोर उठलो नाही.

ते एक दिवसाचं होतं. अण्णा मात्र रोज येतात. माझे चुलते, वय 78, गळ्यात माळ, आषाढीची वारी कधी चुकली नाही. संध्याकाळी सात वाजता लाल फडक्यात बांधलेली ज्ञानेश्वरी घेऊन येतात आणि दुसरा अध्याय लावतात. आत्मा जन्मत नाही, मरत नाही, मग शोक कुणाचा करायचा, हे फार मायेनं समजावतात. आमच्या मंडळी भिंतीला टेकून ऐकतात आणि त्यानंतर त्यांना चार तास तरी झोप लागते. खरं सांगतो, मला त्याचाही राग येतो.

परवा ओवी अर्ध्यावर असताना मी उठलो आणि गोठ्यात जाऊन बसलो. अण्णा थोडा वेळ थांबले, खूण घालून पोथी बांधली आणि बॅटरी घेऊन एकटेच बांधाबांधानं घरी गेले. काही बोलले नाहीत. काल परत आले.

माळ माझ्याही गळ्यात आहे. देवाशी माझं भांडण नाही. पण शब्द कानाशी येतात आणि आत जळतं. ज्यांच्यावर असं गुदरलंय त्यांनी सांगावं, तुम्ही कसं ऐकलंत?

शेवंता_ओतूर
दादा, अण्णांना तोडू नका. माझे वडील गेले तेव्हा मामा रोज येऊन गरुडपुराण वाचायचे. आठव्या दिवशी मी त्यांना म्हणाले, बास झालं तुमचं पुराण. ते वर्षश्राद्धालासुद्धा आले नाहीत, आणि आता तेही नाहीत. महिनाभर घर माणसांनी भरलेलं असतं, पुढे कोणी फिरकत नाही. अण्णा 34 व्या दिवशीही येतायत. काही कळलं नाही तरी बसा त्यांच्यासमोर.

जुना_मास्तर
मी 30 वर्षं संस्कृत शिकवलं, त्या आधारावर एक गोष्ट सांगतो. अण्णा तुम्हाला दुसरा अध्याय ऐकवतायत. पहिल्याचं काय झालं?

गीतेच्या पहिल्या अध्यायात 47 श्लोक आहेत. त्यात भगवंत फक्त अर्धा श्लोक बोलतात, 'पार्था, हे जमलेले कौरव बघ' एवढंच. त्यानंतर अर्जुन बोलत सुटतो. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगावर काटा आला, गांडीव हातातून निसटलं, राज्य घेऊन करू काय, हे सगळं तो सांगतो आणि रथात बसकण मारतो. कृष्ण त्याला मध्ये थांबवत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला थोडं रागावतो, तेव्हा अर्जुन पुन्हा आपलंच म्हणणं मांडतो, आणि तेही पूर्ण ऐकून घेतलं जातं. आत्मा मरत नाही हा उपदेश सुरू होतो तो दुसऱ्याच्या अकराव्या श्लोकापासून. तुमचा पहिला अध्याय कुणी ऐकूनच घेतलेला नाही, असं मला वाटतं.

आणि रडण्याची लाज बाळगू नका. 1296 साली आळंदीला ज्ञानोबांनी समाधी घेतली तेव्हा निवृत्तिनाथांची काय अवस्था झाली, ते नामदेवरायांच्या अभंगांत आहे. भरलेल्या तळ्याचा बांध फुटावा आणि पाणी बारा वाटांनी धावावं, तसं त्यांचं मन झालं होतं. ज्ञानोबांना ज्ञान ज्यांनी दिलं, त्या गुरूंची ही गत. त्यांना काय आत्म्याचं ठाऊक नव्हतं?

अण्णांना विनवा, पहिल्यापासून लावा म्हणावं.

नगरची_लेक
आम्ही ख्रिस्ती. माझी मुलगी अकराव्या महिन्यात गेली, त्याला नऊ वर्षं झाली.

आमच्या शास्त्रात ईयोबाची गोष्ट आहे. दहा लेकरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले आणि त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. मग ते बोलायला लागले: तुझं काहीतरी पाप असणार, देव उगाच शिक्षा करत नाही. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब बोलला तसं खरं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना म्हणाला. आणि ईयोब तर सगळा वेळ तक्रारच करत होता!

शेवंताताईंचं मला अर्धंच पटतं. बसायचं खरं, पण मुकाट्यानं सगळंच का ऐकायचं? 'देवाला फूल आवडलं म्हणून त्यानं खुडलं', असं पाळकसाहेब म्हणायचे. मी त्यांना म्हटलं, प्रार्थनेला रोज या, पण हे वाक्य माझ्या घरात नको. त्यांना वाईट वाटलं असेल. पण ते येत राहिले आणि ते वाक्य पुन्हा काढलं नाही.

दादा, तुमच्या मंडळींवर रागावू नका. झोप लागते तर लागू द्या त्यांना.

मीनाकाठ
तीन दिवसांनी लिहितोय.

काल अण्णा आले तेव्हा पोथी सोडायच्या आधीच बोललो. गोठ्यात निघून गेलो त्याची माफी मागितली. 'ठेव' हा शब्द नको म्हणालो. मग मास्तरांचं पहिल्या अध्यायाचं सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला, बराच वेळ धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. म्हणाले, "घाई केली रे मी."

आणि त्यांनी विचारलं, "त्या दिवशी टोमॅटोला काय भाव मिळाला होता?"

इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. भाव चांगला निघाला होता. त्यानं बाजारातूनच फोन करून मला सांगितलं होतं, आवाजात नुसता आनंद होता. मी कपाटातून पट्टी काढून अण्णांना दाखवली. मग जे बोलायला लागलो ते नऊ वाजेपर्यंत. तो शाळेतून पळून यायचा ते, ठिबकच्या नळ्या त्यानं एकट्यानं अंथरल्या ते, आणि त्या संध्याकाळी 'उद्या सकाळी जा' असं मी म्हणालो नाही, तेही. हे मंडळींनीही पहिल्यांदाच ऐकलं.

शेवटी अण्णांनी पहिल्या अध्यायातल्या, अर्जुनाच्या हातून धनुष्य गळतं तिथल्या थोड्या ओव्या वाचल्या. अर्थ सांगितला नाही. मी शेवटपर्यंत बसलो. मधलं काही ऐकू आलं, काही नाही.

धाकटा बॅटरी घेऊन त्यांना घरापर्यंत सोडून आला. आज सातला परत येतील. दुसरा अध्याय कधी लावायचा, ते मी सांगायचं असं ठरलंय. अजून सांगितलेलं नाही.