ॲडव्हान्स बॅचला इंग्लिशचे कुठले गेम्स घ्यायचे?

विश्रामबागवाली:
नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला माझा छोटा क्लास आहे, संध्याकाळची ॲडव्हान्स बॅच, अकरा जण. निम्म्या मिरजेच्या नर्सेस, त्यांना ओईटी (नर्स-डॉक्टरांची इंग्लिशची परीक्षा) देऊन बाहेरच्या देशात जायचंय, बाकी इंजिनियर आणि एक एमए इंग्लिश झालेली. ग्रामर त्यांना माझ्याइतकंच येतं पण बोला म्हटलं की सगळे टेबलाकडं बघत बसतात. गेल्या आठवड्यात हँगमन घेतला तर एक जण म्हणतो, मॅडम हे आमची पोरगी पहिलीत खेळते. ग्रुप डिस्कशन ठेवलं की एकच गडी अर्धा तास बोलतो. मोठ्या माणसांना लाज वाटणार नाही आणि तोंड उघडावंच लागेल असं काय आहे का? प्रोजेक्टर नाही, एक फळा आणि प्लास्टिकच्या खुर्च्या.

कंदीपेढा:
मॅडम ॲलिबी घ्या, मी साताऱ्यात कॉलेजच्या पोरांना घेतो. काल रात्री आठ ते दहाच्या दरम्यान राजवाड्याजवळ पेढ्याच्या दुकानात चोरी झाली म्हणायचं, दोघं संशयित, त्यांचं म्हणणं आम्ही त्या वेळी एकत्र जेवत होतो. त्यांना पाच मिनिटं बाहेर पाठवायचं, काय स्टोरी जुळवायची ती जुळवू दे, तोवर आतले पोलिस प्रश्न काढतात. मग एकेकाला आत घ्यायचं, दुसऱ्याला काही ऐकू गेलं नाही पाहिजे. उत्तरं जुळली नाहीत की गेले आत.
आमच्याकडं दोघांनीही पोवई नाक्यावर मिसळ खाल्ली हेच सांगितलं, बिल पण तेवढंच, पोलिसांची तोंडं पडली. तेवढ्यात मागं कायम गप्प बसणारी एक मुलगी म्हणाली, हू वॉज फेसिंग द डोअर? पहिला म्हणालेला मी, दुसरा पण म्हणाला मी. जो काय कालवा झाला म्हणता!
ॲडव्हान्सवाल्यांना एक नियम वाढवायचा, प्रश्न सरळ विचारायचा नाही, कुड यू टेल मी नं सुरुवात करायची. मग कुड यू टेल मी व्हेअर वेअर यू असं कोण बोललं की संशयितानं उत्तर द्यायचंच नाही, व्हेअर यू वेअर म्हटल्यावरच द्यायचं. ही चूक चांगले चांगले करतात.

हळद_सौदा:
लिलाव घ्या की. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तसा वाक्यांचा सौदा. तीन टीम, प्रत्येकीला 5,000 खोटे रुपये, फळ्यावर दहा बारा वाक्यं, काही बरोबर काही चूक, बरोबर तेवढीच विकत घ्यायची. वाक्यं त्यांच्याच वह्यांतली उचला, नाव सांगू नका. वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम हे चूक असून आमच्यात 900 ला गेलं, आणि हार्डली हॅड आय रीच्ड द स्टँड व्हेन द एसटी लेफ्ट हे बरोबर असून कोण हात लावंना. एकमेकांशी इंग्लिशमध्येच भांडायचं, मराठी आलं की 100 दंड.

साधा_माणूस:
राग मानू नका पण फी भरून लोक खेळायला येतात का? परीक्षेला मॉक टेस्ट लागते, चोरपोलिस नाही.

मिरज_शटल:
@साधा_माणूस मी स्वतः ओईटी दिलीय. स्पीकिंगला दोन रोलप्ले असतात, पाचेक मिनिटांचा एकेक, समोरचा पेशंट किंवा त्याचा नातेवाईक होतो. म्हणजे परीक्षाच नाटक आहे हो. मॅडम, पेशंटच्या कार्डावर एक गुपित लिहा, उदा. शेजारणीनं सांगितलं म्हणून बीपीची गोळी आठवडाभर बंद केलीय. पेशंटनं ते आपणहून सांगायचं नाही, नर्सनं पाच मिनिटांत काढून घ्यायचं. डिड यू टेक युअर मेडिसिन विचारलं की पेशंट यस म्हणून मोकळा. तिथंच कळतं प्रश्न कसा फिरवून विचारायचा.
आणि त्या बडबड्यासाठी जस्ट अ मिनिट. बीबीसी रेडिओवर 1967 पासूनचा खेळ आहे, एका विषयावर एक मिनिट बोलायचं, अडखळायचं नाही, रिपीट करायचं नाही, विषय सोडायचा नाही. चुकला की दुसरा जण त्याच्याकडून तो विषय काढून घेतो. बाकीच्यांना टपून ऐकावंच लागतं.

विश्रामबागवाली:
थँक्यू सगळ्यांना. काल ॲलिबी घेतला, पेढ्यांच्या जागी भडंगाचं पोतं चोरीला गेलं. आमचे बडबडेच संशयित झाले आणि जितकं जास्त बोलले तितके जास्त सापडले, शेवटी पार्टनरच त्यांना म्हणाला, सर प्लीज स्टॉप. मी मधे एकदाही करेक्शन केलं नाही, चुका कागदावर लिहून ठेवल्या, त्या आता लिलावात काढते मंगळवारी. आवाज मात्र एवढा झाला की खालचे मेडिकलवाले वर येऊन बघून गेले.
@मिरज_शटल तुमच्याकडं अजून गुपितं असतील तर टाका हो, माझ्या नर्सेसनी गोळीवालं एका मिनिटात ओळखलं.

मिरज_शटल:
नर्सेसच त्या, ओळखणारच. रात्री ड्युटीवरून आल्यावर पाच सहा टाकते.