बेन्नूवर जीव सापडला असं बोर्डावर लिहू काय?

खानापूरचा पोरगा:
आमच्या गल्लीतल्या मंडळानं यंदा गणपतीला विज्ञानाचा देखावा करायचं ठरवलंय, विषय "जीव आला कुठून", आणि बोर्ड लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एक अण्णा म्हणालेत बिनधास्त लिही, बेन्नू लघुग्रहावर जीव सापडला, नासानंच सांगितलंय. दुसरे म्हणालेत नारळीकर सरांनी कधीच सिद्ध केलंय जंतू आकाशातनं येतात म्हणून. मला दोन्ही पटेना. बोर्ड कन्नडमधनंपण लावायचाय, चुकलं तर दोन्ही भाषेत हसं होईल, कुणाला माहीत असेल तर सांगा की.

चिक्कोडीवाला:
जीव न्हवं रे, जीवाला लागणारा माल सापडलाय. ओसायरिस-रेक्स यानानं सप्टेंबर २०२३ ला बेन्नूवरची १२१.६ ग्रॅम माती आणली, जानेवारी २०२५ ला रिझल्ट आले. आपली प्रथिनं २० अमिनो आम्लांची बनतात, त्यातली १४ तिथं मिळाली, वर डीएनए-आरएनएचे पाचही बेस, म्हणजे त्यांची अक्षरंच म्हण, अमोनिया, आणि खारं पाणी आटून मागं राहिलेले क्षार. दारात वीट-वाळू पडली म्हणून वास्तुशांतीच्या पत्रिका कोण वाटतंय काय?

शहापूरची अक्का:
मी केमिस्ट्री शिकवते म्हणून सांगते, खरी गंमत डाव्या-उजव्यात आहे. बहुतेक अमिनो आम्लं दोन रूपांत असतात, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब, आणि सजीवांच्या प्रथिनांत जवळजवळ सगळी डावीच. १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनला उल्का पडली, तिच्यातली काही आम्लं डावीकडं झुकलेली निघाली, त्यामुळं बऱ्याच जणांना वाटायचं की हा डावेपणा अंतराळातनंच आला असणार. बेन्नूत मात्र दोन्ही जवळपास सारखीच! म्हणजे पृथ्वीवरची घाण त्यात मिसळली नाही हे कळलं, पण डावी निवडली कुणी आणि कधी ते कोडं आणखी अवघड झालं. मला विचारशील तर देखाव्यात हेच दाखव, एक मोठा आरसा लाव.

मांजरीकाठ:
नारळीकर सरांचा जन्म कोल्हापूरचा, शेजारचा माणूस, त्यामुळं आपल्याकडं मायेनं जरा वाढवून सांगतात. सरांनी इस्रोच्या मदतीनं हैदराबादहून वरची हवा गोळा करायला फुगे सोडले होते, २००१ ला आणि परत २००५ ला. दुसऱ्या खेपेला २० ते ४१ किमी उंचीवरची हवा आणली आणि तिच्यात बॅक्टेरियाच्या तीन नव्या जाती मिळाल्या, एकीचं नाव जॅनिबॅक्टर हॉयली, सरांचे गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यावरनं. अतिनील किरणांना त्या जवळच्या जातींपेक्षा चिवट निघाल्या, पण तेवढ्यावरनं त्या पृथ्वीबाहेरच्या ठरत नाहीत, हे २००९ ला इस्रोनंच सांगितलंय. खालनं वर गेल्या की वरनं खाली आल्या, वाद तोच आहे.

खानापूरचा पोरगा:
मग "बेन्नूवर जीवाचा कच्चा माल सापडला, जीव नाही" असं लिहितो. अक्का, आरशाची आयडिया भारी आहे. पण माणसं विचारणार, पुरावा कुठं बघायला मिळतो?

चिक्कोडीवाला:
अंतराळातला नाही, पण जुन्या जीवाचा मिळतोय की. बागलकोटकडं कलादगीच्या खडकांत स्ट्रोमॅटोलाइट आहेत, सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर बसून झालेले, शंभर कोटी वर्षांहून जुने. ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारात तसलेच जवळपास ३४८ कोटी वर्षांचे आहेत. फोटो लाव, मंडळाची पोरं घेऊन दगड फोडायला जाऊ नको म्हणजे झालं.